फोनवरच्या तांत्रिक मुलाखतीत नेमके कसे बोलावे?

सांगली ते हिंजवडी

नमस्कार मंडळी,

मी चार वर्षांपासून पुण्यात जावा डेव्हलपर म्हणून काम करते आहे. नोकरी बदलायचे ठरवल्यापासून गेल्या तीन महिन्यांत सात ठिकाणी माझी पहिली तांत्रिक फेरी फोनवर झाली आणि त्यांपैकी सहा ठिकाणी मी तिथेच बाद झाले. ज्या एका ठिकाणी पुढे गेले, तिथल्या उरलेल्या दोन फेऱ्या कार्यालयात समोरासमोर झाल्या आणि त्या मला मुळीच जड गेल्या नाहीत; फळ्यावर आकृत्या काढून समजावताना वेळ कसा गेला तेही कळले नाही. पुढे पगाराचे जमले नाही म्हणून ती नोकरी मी घेतली नाही. सांगायचा मुद्दा असा की, माझा विषय कच्चा आहे असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही, पण फोन कानाला लावला की जे येते तेही सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यातला प्रसंग सांगते. 'हॅशमॅप आतून कसे चालते?' हा प्रश्न आला. ('की' दिली की तिच्याशी जोडलेली किंमत परत देणारी ही जावातली रचना.) हा भाग मी माझ्या टीममधल्या नव्या मुलांना शिकवलेला आहे. उत्तर नीट मांडावे म्हणून मी थोडा वेळ गप्प राहिले, तेवढ्यात पलीकडून 'हॅलो, आवाज येतो आहे ना?' असे विचारले गेले आणि मी घाबरून मधूनच कुठूनतरी सुरुवात केली. आधी लिंक्ड लिस्ट, मग इक्वल्स, मग पुन्हा मागे येऊन हॅशकोड, असे करत दोन मिनिटांनी मी काय सांगते आहे ते माझे मलाच कळेना. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, त्यामुळे घाई झाली की मनात मराठी वाक्य तयार होते आणि तोंडातून इंग्रजीचे तुकडे बाहेर पडतात. समोर माणूस असला की त्याची मान हलताना दिसते आणि आपण योग्य वाटेवर आहोत की नाही ते समजते. फोनवर तो आधार नाही.

दुसरी अडचण जागेची आहे. आम्ही चौघी मैत्रिणी एका फ्लॅटमध्ये राहतो. घरात शांतता मिळत नाही म्हणून मी गच्चीवर जाते आणि तिथे वारा असतो. ज्यांनी अशा मुलाखती दिल्या आहेत, आणि विशेषतः ज्यांनी घेतल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पॅनेलवरून

मी नऊ वर्षांपासून पहिल्या फेरीच्या मुलाखती घेतो आहे. तुमचा लेख वाचून वाईट वाटले, कारण तुमच्यासारख्या उमेदवारांना मीही नाकारलेले असणार.

पलीकडच्या बाजूला काय घडते ते आधी सांगतो. माझ्यापुढे तुमचा रेझ्युमे आणि एक फॉर्म असतो. अर्ध्या-पाऊण तासात त्या फॉर्मवर प्रत्येक विषयापुढे काहीतरी लिहावे लागते आणि ते लिहिण्यासाठी माझ्याकडे तुमच्या आवाजाशिवाय काहीही नसते. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद काहीच ऐकू आले नाही, तर तुम्ही विचार करत आहात, तुम्हाला उत्तर येत नाही, तुम्ही इंटरनेटवर शोधत आहात की लाइन तुटली आहे, यातले काहीही असू शकते आणि मला ते ओळखता येत नाही. 'हॅलो' म्हणणारा मुलाखतकार तुम्हाला घाई करत नसतो. तो बहुतेक वेळा खरोखरच लाइन तपासत असतो. म्हणून गप्प राहायचे असेल तर ते सांगून राहावे. 'मला अर्धा मिनिट द्या, मी उत्तराचा क्रम लावते' एवढे वाक्य पुरते. हे वाक्य म्हणणाऱ्या उमेदवाराला मी आजवर कमी गुण दिलेले नाहीत.

आता तुमच्या हॅशमॅपकडे येऊ. फळ्यावर उत्तर देताना कुठूनही सुरुवात केली तरी चालते, कारण आकृती ऐकणाऱ्याला एकत्र धरून ठेवते. फोनवर ती आकृती वाक्यांच्या क्रमातून उभी करावी लागते. म्हणून पहिले वाक्य संपूर्ण गोष्टीचे असावे: 'हॅशमॅप ही बकेटांची, म्हणजे कप्प्यांची, एक ॲरे (रांग) असते आणि एखादी की कोणत्या बकेटमध्ये जाईल हे तिच्या हॅशकोडवरून, म्हणजे तिच्यापासून काढलेल्या आकड्यावरून, ठरते.' त्यानंतर एकच की हातात धरून तिच्यामागे चालावे. पुट केले (नोंद टाकली), हॅशकोड काढला, बकेट मिळाली. ती रिकामी असेल तर नोंद तिथे बसली. तिथे आधीच कोणी असेल तर दोन्ही की सारख्या आहेत का हे इक्वल्सने तपासले, तीच की निघाली तर किंमत बदलली आणि वेगळी निघाली तर नवी नोंद साखळीत जोडली. एवढे झाल्यावर आकार वाढण्याचा मुद्दा घ्यावा. सुरुवातीची क्षमता १६ आणि लोड फॅक्टर (किती भरल्यावर ॲरे वाढवायची ते प्रमाण) ०.७५ असतो, म्हणजे बारा नोंदींपर्यंत काही होत नाही आणि तेरावी आली की ॲरे ३२ ची होते. जावा ८ पासूनची सुधारणा सर्वांत शेवटी सांगावी: एका बकेटमधली साखळी आठाच्या पुढे गेली आणि ॲरेची क्षमता निदान ६४ असली, तर त्या साखळीचा रेड-ब्लॅक ट्री (तोल राखणारी झाडासारखी रचना) होतो, क्षमता त्याहून कमी असेल तर आधी ॲरेच वाढवली जाते.

आणि मग थांबावे. 'यातल्या कोणत्या भागात अधिक खोल जाऊ?' असे विचारावे. पलीकडची मान दिसत नाही, म्हणून ती हलते आहे का हे शब्दांत विचारून घ्यायचे. सलग चार मिनिटे बोलणाऱ्या उमेदवाराला मधे थांबवणे फोनवर फार अवघड जाते आणि मला विचारायचे असलेले तीन प्रश्न तसेच राहून जातात.

समोर कागदावर मुद्दे लिहून ठेवायला माझी हरकत नसते. वाचून दाखवलेले उत्तर मात्र लगेच ओळखू येते. बोलताना माणूस अडखळतो, वाक्य दुरुस्त करतो, मागे येतो. वाचताना आवाज एका पट्टीत जातो आणि कळफलकाचा आवाजही ऐकू येतो. असे वाटले की मी उत्तरातलाच एखादा शब्द उचलून 'हे तुमच्या प्रकल्पात कुठे आले होते?' असे विचारतो.

तारेवरचा

मी टेलिकॉम क्षेत्रात आहे, म्हणून आवाजापुरते लिहितो. हा भाग क्षुल्लक समजला जातो, पण तो तसा नाही.

साध्या टेलिफोन कॉलमध्ये साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचतो आणि आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात. 'स' आणि 'फ' या व्यंजनांमधला फरक बराचसा या पट्ट्याच्या वर असतो. त्यामुळे फोनवर इंग्रजी 'एस' आणि 'एफ' अक्षरे एकसारखी ऐकू येतात. यात तुमच्या कानांचा किंवा इंग्रजीचा काहीही दोष नाही. व्हीओएलटीईवर (४जी नेटवर्कवरून होणाऱ्या कॉलवर) दोन्हीकडे सोय असेल तर सुमारे ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो आणि फरक लगेच जाणवतो. पण पलीकडचा माणूस कॉन्फरन्स पुलावरून (अनेकांना एका कॉलवर जोडणाऱ्या सेवेवरून) बोलत असेल तर पुन्हा जुनाच अरुंद पट्टा वाट्याला येऊ शकतो.

म्हणून प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावा. माझ्या एका सहकाऱ्याला 'हॅशिंग'विषयी विचारले होते आणि तो पाच मिनिटे 'कॅशिंग'वर बोलत राहिला. दोन्ही शब्द त्या विषयात बसत होते, म्हणून चूक शेवटपर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही.

दुसरी गोष्ट विलंबाची. आवाज पलीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर संभाषण सुरळीत चालते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत धरले आहे. परदेशातला कॉल इंटरनेटवरून आला की वेळ त्याहून अधिक लागू शकतो आणि मग दोघेही एकाच वेळी बोलू लागतात. समोरचा थांबल्यावर मनात 'एक' म्हणावे आणि मग बोलावे. स्पीकर वापरू नये, कारण त्यात प्रतिध्वनी दाबताना आपल्या शब्दांचे तुकडे पडतात. ब्लूटूथ इअरफोनमध्ये माइक सुरू झाला की बहुतेक वेळा आवाजाचा दर्जा खाली येतो. तारेचा साधा इअरफोन सर्वांत भरवशाचा. कॉल वेटिंग बंद करावे, आणि अनोळखी क्रमांक अडवणारे ॲप असेल तर तेही त्या तासापुरते बंद करावे. मुलाखतीचाच कॉल अडवला गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

रात्रपाळी

मी ऐरोलीत प्रॉडक्शन सपोर्टमध्ये आहे. 'पॅनेलवरून' यांच्या लेखनाशी बहुतांशी सहमत आहे, पण त्यांचा सल्ला व्याख्या विचारणाऱ्या प्रश्नांना लागू पडतो. आमच्याकडे प्रसंग सांगून विचारतात आणि तिथे ठरलेल्या क्रमाने उत्तर देणारा माणूस उलट मागे पडतो.

मला विचारलेला प्रश्न असा होता: लिनक्स सर्व्हरवर 'डीएफ' कमांड डिस्क ९५ टक्के भरल्याचे दाखवते, पण 'डीयू'ने सगळ्या फोल्डरांची बेरीज केली तर ती निम्म्यावरही जात नाही, काय झाले असेल? मला कारण ठाऊक नव्हते. मी तसे स्पष्ट सांगितले आणि म्हटले, 'कारण माहीत नाही, पण शोधायला कुठून लागेन ते सांगतो.' मग मी बोलत बोलतच विचार केला. डीयू फाइलींची नावे पाहत जाते, डीएफ फाइल सिस्टिमचा हिशेब विचारते. म्हणजे जागा अडवणारे पण नाव नसलेले काहीतरी असले पाहिजे. इथपर्यंत आल्यावर मुलाखतकारानेच विचारले, 'नाव नसलेली फाइल कशी असू शकेल?' आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. कोणीतरी मोठी लॉग फाइल पुसून टाकली आहे, पण ज्या प्रोसेसने ती उघडली होती ती अजून चालू आहे, म्हणून जागा मोकळी झालेली नाही. 'एलएसओएफ' या उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या कमांडने अशी फाइल सापडते आणि ती प्रोसेस पुन्हा सुरू केली की जागा परत मिळते.

त्या फेरीत मी पास झालो. पुढे तेच गृहस्थ माझे मॅनेजर झाले, तेव्हा त्यांनी सांगितले की थेट उत्तर दिले असते तर त्यांनी लगेच दुसरा प्रश्न काढला असता, कारण रात्री तीन वाजता पाठ नसलेली अडचण येते आणि त्या वेळी हा माणूस फोनवर काय बोलेल, एवढेच त्यांना ऐकायचे होते. आमच्या कामात घटना सुरू असताना सगळे कॉलवरच असतात. त्यामुळे आमच्यासाठी फोनवरची मुलाखत हा त्या कामाचाच एक नमुना आहे.

सुरुवातीला प्रतिप्रश्न अवश्य करावेत. 'सर्व्हर हळू झाला आहे' असे म्हटले की एकदम 'टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) चालवीन' म्हणू नये. सगळ्यांसाठी हळू आहे की काहींसाठीच, कधीपासून, त्याआधी काही रिलीज झाले होते का, हे विचारावे.

न्यू जर्सीहून

वेळेविषयी थोडे लिहितो, कारण त्यामुळे माझी एक मुलाखत हुकली होती.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ भारतापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. म्हणजे इथल्या सकाळी १० चा कॉल तुमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७:३० ला आणि हिवाळ्यात रात्री ८:३० ला येतो. घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे केली जातात. युरोपात हाच बदल मार्च आणि ऑक्टोबर यांच्या शेवटच्या रविवारी होतो आणि ॲरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळ बदलतच नाही. शिवाय रिक्रूटर भर जुलैतसुद्धा सवयीने 'ईएसटी', म्हणजे पूर्व किनाऱ्याची हिवाळ्यातली वेळ, लिहितात. म्हणून ईमेलला उत्तर देताना दोन्हीकडची वेळ तारखेसह लिहून खात्री करून घ्यावी.

दुसरा विषय अधिक गंभीर आहे. इथे कन्सल्टन्सीमार्फत काम शोधताना मला एकाने सांगितले होते की, अनुभव पाच वर्षांचा आठ करू आणि फोनवर तुमच्याऐवजी आमचा माणूस बोलेल. मी तेव्हा व्हिसाच्या चिंतेत होतो आणि दोन दिवस त्यावर विचार केला, हे कबूल करायला मला संकोच वाटतो. शेवटी नकार दिला. अशा मार्गाने काम मिळालेला एक ओळखीचा मुलगा तिसऱ्या आठवड्यात घरी बसला, कारण मुलाखतीत ऐकलेला आवाज आणि मीटिंगमधला आवाज वेगळा असल्याचे टीमच्या लक्षात आले. हा प्रकार आता इतका पुढे गेला आहे की, जून २०२२ मध्ये एफबीआयने दूरस्थ नोकऱ्यांच्या मुलाखतींत डीपफेक आणि चोरलेली ओळख वापरली जात असल्याचा जाहीर इशारा दिला. त्याचा परिणाम प्रामाणिक उमेदवारांवरही झाला आहे. पूर्वी निव्वळ फोनवर व्हायच्या त्या अनेक फेऱ्या आता कॅमेरा सुरू ठेवून होतात.

पुन्हा सुरुवात

सांगलीच्या ताई, मराठी माध्यमाचा तुमचा मुद्दा माझ्या अगदी जवळचा आहे. मी सहा वर्षांच्या खंडानंतर नाशिकमधून पुन्हा नोकरी शोधली, तेव्हा माझी अवस्था हीच होती.

मला उपयोगी पडला तो मार्ग असा. प्रत्येक विषय मी आधी मराठीत मोठ्याने समजावून सांगत असे, कारण मराठीतही तो सलग सांगता येत नसेल तर अडचण भाषेची नसते, समजुतीची असते. हे माझ्या बाबतीत निम्म्या विषयांना लागू पडले आणि ते कळल्यावर मला धक्का बसला. त्यानंतर तेच उत्तर इंग्रजीत म्हणून फोनवर ध्वनिमुद्रित करायचे आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचे. त्याच दिवशी ऐकू नये; आपल्याला काय म्हणायचे होते ते आठवत असते आणि काय म्हटले ते कानावर पडत नाही. दोन आठवड्यांनी वाक्ये आपोआप लहान झाली. इंग्रजीत लहान वाक्ये बोलण्यात कसलाही कमीपणा नाही.

कोड तोंडी सांगण्याचा सराव मात्र वेगळा करावा लागतो. मला बायनरी सर्च फोनवर सांगायला सांगितले होते. पहिल्यांदा मी 'फॉर, कंस, इंट आय' असे एकेक चिन्ह उच्चारू लागले आणि ते ऐकणाऱ्यालाही असह्य झाले असणार. नंतर शिकले की आधी कल्पना एका वाक्यात सांगावी: यादी क्रमाने लावलेली आहे, म्हणून मधला घटक पाहून प्रत्येक वेळी अर्धी यादी सोडून देता येते. मग नावे ठरवून द्यावीत: 'लो' आणि 'हाय' ही शोधायच्या भागाची दोन टोके, आणि दोन्ही टोके त्या भागात धरलेली आहेत. हे एकदा बोलून ठेवले की पुढे 'लो हाय'इतका किंवा त्याहून लहान असेपर्यंतच का फिरायचे, हे वेगळे पटवावे लागत नाही. शेवटी रिकामी यादी, एकच घटक, न सापडणारा घटक ही तीन टोके आपणहून तपासावीत. दहा लाख घटकांत जास्तीत जास्त वीस तुलना लागतात, हेही सांगावे.

मधला निर्देशांक काढताना 'लो' आणि 'हाय' यांची बेरीज करून निम्मे केले तर फार मोठ्या ॲरेत ती बेरीज २१४७४८३६४७ या जावातल्या 'इंट'च्या कमाल मर्यादेपलीकडे जाऊन ऋण होते. हीच चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत अनेक वर्षे राहिली होती आणि जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये त्याविषयी जाहीरपणे लिहिले. ही गोष्ट मला इतकी आवडते की मुलाखतीत ती सांगताना माझा आवाज बदलला आणि पलीकडचे गृहस्थही खुलून बोलू लागले. आपल्याला मनापासून आवडलेल्या अशा दोन-तीन गोष्टी जवळ असाव्यात. फोनवर चेहरा दिसत नसला तरी आवडीने बोललेले कळते.

एसक्यूएलच्या (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेच्या) प्रश्नांत तर आधी विचारूनच घ्यावे. 'दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा' म्हटले की, दोघांचा पगार सारखा असेल तर काय अपेक्षित आहे, हे विचारल्याशिवाय 'डेन्स रँक' (सारख्या पगारांना एकच क्रमांक) वापरायचे की 'रो नंबर' (प्रत्येक ओळीला वेगळा क्रमांक), हे ठरवता येत नाही.

सांगली ते हिंजवडी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे गेले, म्हणून काय झाले ते कळवते.

मैत्रिणीला रोज रात्री दुसऱ्या खोलीतून मला फोन करायला लावला. ती टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे 'मला कळले नाही, पुन्हा सांग' असे ती अगदी निःसंकोचपणे म्हणायची. त्यातून समजले की मी 'म्हणजे' आणि 'बेसिकली' हे शब्द जवळजवळ प्रत्येक वाक्यात घालते, आणि उत्तर संपले तरी ते संपल्याचे सांगत नाही, आवाज तसाच विरून जातो. आता 'माझे उत्तर एवढेच' असे म्हणून थांबते.

परवा आठवी मुलाखत झाली. पुट आणि पोस्ट या वेबवरून सर्व्हरला पाठवायच्या दोन प्रकारच्या विनंत्यांतला फरक विचारला. मी प्रश्न परत म्हणून दाखवला, अर्धा मिनिट मागून घेतला आणि मग एकाच उदाहरणावर राहिले: तीच पुट विनंती दोनदा गेली तरी पत्ता एकदाच बदलल्यासारखा राहतो, तीच पोस्ट विनंती दोनदा गेली तर दोन ऑर्डरी तयार होऊ शकतात. त्यावर त्यांनी विचारले की, पैसे भरण्याची विनंती नेटवर्क तुटल्यामुळे दोनदा आली तर काय कराल. हे मी कधी केलेले नव्हते. तसे सांगितले, आणि 'रात्रपाळी' यांच्याप्रमाणे बोलत बोलत विचार केला. प्रत्येक विनंतीसोबत क्लायंटने एक वेगळा क्रमांक पाठवावा आणि तो आधी येऊन गेला असेल तर जुनेच उत्तर परत द्यावे, इथपर्यंत पोचले. दोन विनंत्या अगदी एकाच क्षणी आल्या तर, असा पुढचा प्रश्न आला, तिथे मात्र अडकले. त्या क्रमांकावर डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट (तोच क्रमांक दोनदा नोंदवू न देणारा नियम) लावता येतो, हे फोन ठेवल्यावर सुचले.

काल निरोप आला. पुढची फेरी शुक्रवारी आहे, तीही फोनवरच, त्यांच्या आर्किटेक्टबरोबर. जागेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. गच्ची सोडली, पण आतल्या खोलीत आवाज घुमतो असे मैत्रीण म्हणते.

पॅनेलवरून

अभिनंदन. युनिक कन्स्ट्रेंटचे शुक्रवारी सुरुवातीलाच सांगा. 'मागच्या फेरीत अडकले होते, नंतर विचार केला' असे म्हणून सांगितलेले उत्तर मी तरी नेहमी फॉर्मवर लिहितो.

तारेवरचा

कपड्यांचे कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, आणि जमिनीवर गादी किंवा सतरंजी टाका. घुमणारा आवाज बराच कमी होईल. गुरुवारी रात्री मैत्रिणीला त्याच जागेवरून एकदा फोन लावून पाहा.